हॅलोवीनचा पोशाख घरच्या घरी: वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर लागला की परदेशातल्या मराठी घरांतून या सदराकडे एकाच विषयाची पत्रे येतात. ३१ तारखेच्या एका संध्याकाळसाठी महागडा तयार पोशाख घ्यायचा की घरी काही जमवायचे? आम्ही घरी जमवण्याच्या बाजूचे आहोत, पण डोक्यापासून पायापर्यंत सगळे नव्याने शिवत बसू नका. मूल रोज घालते ती हुडी आणि ट्रॅक पँट हाच पाया धरा. पैसा आणि वेळ एकाच ठळक गोष्टीवर घाला: पंख, शेपूट, खोके, टोपी, काय असेल ते. मुले पोशाख घालून चॉकलेट मागत दारोदार फिरतात तेव्हा अंधार पडत आलेला असतो. अंधारात बारीक कलाकुसर कुणाला दिसत नाही, दिसते ती बाहेरची आकृती. या वेळी निवडलेल्या प्रश्नांची उत्तरे याच धोरणाने दिली आहेत.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाला रोबो व्हायचे आहे. वीस डॉलरच्या आत बसवायचे आहे. गेल्या वर्षी खोक्याला भोके पाडून दिले, पण थोड्याच वेळात ते खांद्याला बोचू लागले आणि हात पुढे येईनात. काय चुकले असेल?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

दोन गोष्टी चुकल्या असाव्यात. हाताची भोके बाजूच्या बरोबर मध्यावर पाडली असणार, आणि गळ्याची कापलेली कड तशीच उघडी ठेवली असणार. माणसाचे हात पुढच्या दिशेने चालतात, म्हणून भोकही पुढच्या कडेकडे सरकलेले हवे.

घर बदलताना वापरतात त्यांतले सर्वांत लहान खोके घ्या, १६ × १२ × १२ इंचांचे. होम डेपोसारख्या दुकानात ते दोन-तीन डॉलरला मिळते. फळांची खोकी घेऊ नका. त्यांना आधीच भोके असतात आणि पुठ्ठ्यात ओल मुरलेली असते.

बारा इंच खोली सहा वर्षांच्या मुलाला फार होते, ती नऊवर आणायची. वरच्या पाळ्या उघडा आणि चारही कोपरे वरून तीन इंच खालपर्यंत कापा. त्या उंचीवर पट्टी धरून बोथट सुरीच्या पाठीने दाबून रेघ ओढा आणि रेघेवर पुठ्ठा वळवा. रेघ न ओढता वळवलात तर पुठ्ठा आतल्या पन्हळींमुळे भलतीकडेच चुरगळतो. मग आखूड दोन पाळ्या मुळापासून कापून टाका, लांब दोन ठेवा.

आता खोके आडवे न ठेवता उभे करा, म्हणजे उंची १६, रुंदी १२ आणि खोली ९ इंच. तळाची बंद बाजू पोटावर येईल. लांब पाळ्या पाठीमागे दोन दारांसारख्या येतील. मुलाने जाकिटासारखे पुढून हात घालायचे आणि तुम्ही मागून दारे लावायची. खोके डोक्यावरून घालावे लागत नाही, चष्मा असला तरी अडत नाही, शाळेत शिक्षकांनाही काढता येते. दारांना वेल्क्रो लावा. मागच्या गोंदावर भरवसा ठेवू नका, रंगवलेल्या पुठ्ठ्यावरून तो सुटतो. वेल्क्रो स्टेपल करा, पिनांची टोके बाहेरच्या अंगाला वळवा आणि त्यावर टेप मारा.

खालची १२ × ९ ची बाजू पूर्ण काढा. वरच्या बाजूला साडेसहा इंच रुंद गळा कापा आणि तीच रुंदी मागच्या कडेपर्यंत न्या, म्हणजे यू आकार होईल. दोन्ही खांद्यांवर पावणेतीन इंचांच्या पट्ट्या उरतात आणि सगळे वजन त्यांच्यावर येते. प्रत्येक पट्टीखाली पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा चिकटवा, पण त्याच्या पन्हळी वरच्या पन्हळींना आडव्या येतील असा. दोन थरांच्या पन्हळी एकाच दिशेने गेल्या तर पट्टी तिथेच दुमडते. गळ्याच्या कडेवर नळाच्या पाइपला घालतात ती फोमची नळी बसवा. ती लांबीत चिरलेलीच मिळते, तासाभरात बोचण्याची तक्रार येत नाही.

हाताची भोके बाजूच्या १६ × ९ च्या पृष्ठावर पाडा. वरच्या कडेपासून दीड इंच खाली सुरुवात, उंची सात इंच, रुंदी साडेपाच. पुढच्या कडेपासून फक्त एक इंच सोडा, मागे अडीच इंच राहू द्या. पुढच्या बाजूची खालची कड मध्यावर दोन-अडीच इंच वर जाईल अशी कमानीसारखी कापा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग पोर्चच्या पायऱ्या चढताना खोके मांडीला अडून मूल तोंडावर येते.

रंगासाठी घराच्या भिंतीच्या रंगाचा नमुन्याचा डबा पुरतो, ८ औंसांचा, राखाडी. खोक्यावरची छपाई झाकायला आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. पाण्यात मिसळणारा रंग एकाच बाजूला लावला की ती बाजू ओल पिऊन फुगते आणि पुठ्ठा वाकडा होतो, म्हणून आतूनही एक पातळ हात फिरवा. दोन हातांमध्ये दीड-दोन तास जाऊ द्या. स्प्रे पेंट वापरणार असाल तर थंड संध्याकाळी अंगणात नको. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली तो नीट वाळत नाही, हाताला चिकटत राहतो. ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायचा मोह आवरा. कोपऱ्यांवर ते पहिल्या धक्क्यालाच फाटते.

बटणांसाठी दह्याच्या डब्यांची झाकणे आणि बाटल्यांची बुचे घ्या. ग्लूगनचा गोंद थंडीत ठिसूळ होतो आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवरून टपकन सुटतो. म्हणून झाकणाला आणि पुठ्ठ्याला दोन-दोन भोके पाडून झिप टाय किंवा तार ओवा आणि आतली टोके टेपने झाका. डोक्यावर मात्र खोके चढवू नका. त्यातून बाजूचे काही दिसत नाही आणि या मुलांना रस्ता ओलांडायचा असतो. हुडीच्या टोपीवर छोटे खोके टोपीसारखे बसवा किंवा हेअरबँडवर दोन अँटेना लावा. हिशेब असा: खोके तीन डॉलर, रंग पाच-सहा, फोमची नळी तीन, वेल्क्रो दोन, मोटारीच्या उजेडात चमकणारी परावर्तक टेप तीन. वीसच्या आत बसते.

प्रश्न: आमच्याकडे ३१ ऑक्टोबरला हमखास पाऊस असतो. पुठ्ठ्याचे काय करायचे?
– एक वाचक, सिएटल

पुठ्ठा पाणी पितो तो मुख्यतः कापलेल्या कडांमधून, पृष्ठावरून कमी. खालची कड, हाताची भोके आणि गळा यांवर रुंद पारदर्शक पॅकिंग टेप अर्धी बाहेर, अर्धी आत अशी दुमडून लावा. हे रंग पूर्ण वाळल्यावर करा. पांढरा गोंद पाण्यात कालवून वर फासण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो, पण तो गोंद पाण्यात पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे पावसात त्याचा उपयोग नाही. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात दिलेत तर तासभराच्या रिमझिमीत खोके टिकते. धो धो पावसात कोणतेच खोके टिकत नाही. तुमच्या गावी पुठ्ठ्यापेक्षा योगा मॅटसारखा फोम बरा. जुनी मॅट मिळाली तर कात्रीनेच कापता येते आणि भिजली तरी आकार सोडत नाही. तिच्यासाठी ग्लूगन कमी तापमानाची घ्या, जास्त तापमानाची फोमला भोके पाडते.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. दर वर्षी सुंदर पोशाखावर जाड कोट चढतो आणि पोशाख कुणाला दिसतच नाही. यावर काही उपाय?
– एक वाचक, मिनियापोलिस

तुमच्या गावात हा प्रश्न खराच आहे. १९९१ साली हॅलोवीनच्याच दिवशी तिथे सुरू झालेल्या हिमवादळात २८ इंचांहून जास्त बर्फ पडला होता, आणि साध्या वर्षीही रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. मिनेसोटात पोशाख कोटाच्या वर घालता येईल असाच बेतायचा. सर्वांत स्वस्त आणि ठसठशीत म्हणजे जुन्या काळ्या छत्रीचे वटवाघूळ.

गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून कोटावर चढेल अशी, दोन मापे मोठी काळी हुडी आणा. छत्री मोडकी असली तरी चालेल, कापड धड हवे. छत्रीचे कापड काड्यांच्या टोकांना आणि मधे थोडे टाचलेले असते. ते दोरे कापा, वरची टोपी काढा, कापड अखंड सुटून येते. बहुतेक छत्र्यांना आठ पाकळ्या असतात. तीन पाकळ्यांचा एक पंख, तीनचा दुसरा, उरलेल्या दोनमधून कान. पाकळ्या शिवणीवर कापायच्या नाहीत, शिवणीच्या बाजूने पाव इंच सोडून कापा. शिवण पंखाच्या कडेला राहिली की कापड उसवत नाही आणि ती वटवाघळाच्या पंखातल्या हाडासारखी दिसते.

पंख दोन पाकळ्यांचा का नको? आठ पाकळ्यांच्या छत्रीत दोन पाकळ्यांचा कोन काटकोन होतो. हात आडवा पसरला की एवढे कापड ताणून बसते, हात त्याच्या वर गेला की हुडी वर खेचली जाते. तीन पाकळ्यांना झोळ राहतो.

आता जोडणी. मुलीला कोट आणि त्यावर हुडी घालून उभे करा, हात आडवे पसरायला सांगा आणि अंगावरच सेफ्टी पिना लावा. हात खाली असताना लावलेला पंख हमखास आखूड पडतो. पंखाची एक सरळ कड बाहीच्या मागच्या बाजूने मनगटापासून काखेकडे न्या. छत्रीची काडी बाहीपेक्षा लांब असते, त्यामुळे मधले टोक काखेच्या पलीकडे पाठीवर जाईल. जाऊ द्या, तिथेच टाचा. बाहेरची टोकदार कड कापून पंख आखूड करण्याच्या फंदात पडू नका, छत्रीची कमानदार कडच पंख म्हणून ओळखू येते. दुसरी सरळ कड मोकळी सोडा, फक्त हुडीच्या खालच्या शिवणीला एका जागी चार टाके घाला. हुडी ताणली जाते आणि छत्रीचे कापड ताणले जात नाही, म्हणून बाहीवर सलग टीप मारली की हुडी आवळते. एकेक इंचावर दुहेरी दोऱ्याचा घट्ट टाका पुरतो. मनगटापाशी पंख दोन इंच अलीकडेच थांबवा, नाहीतर तो हातमोज्यात आणि पिशवीत अडकत राहतो.

कानांसाठी प्रत्येक पाकळीतून दोन त्रिकोण कापून पिशवीसारखे शिवा, आत थोडा कापूस भरा आणि खालची कड एक चुणी घेऊन हुडीच्या टोपीला लावा. चुणी न घेता सपाट लावलेला कान पडतो.

आपादमस्तक काळा पोशाख अंधारात चालकाला दिसत नाही. पाठीवर, दोन्ही बाह्यांवर आणि चॉकलेटच्या पिशवीवर परावर्तक टेपच्या पट्ट्या हव्यातच. पंखांच्या हाडांवरून पट्टी लावली तर मोटारीच्या उजेडात आख्खा पंख उजळतो, आणि पोशाखाची शानही वाढते.

प्रश्न: ऑक्टोबरात लेकीकडे डॅलसला येते आहे. जुन्या साड्या आणल्या तर नातवाच्या पोशाखाला उपयोगी पडतील का? त्याला जादूगाराचा झगा हवा आहे.
– एक वाचक, पुणे

अवश्य आणा. एका साडीत तीन झगे निघतात, आणि काठ जपून कापलात तर बाजारच्या झग्यात दिसत नाही अशी शोभा येते.

अर्ध्या वर्तुळाचा झगा हा सर्वांत सोपा काप. समजा मानेपासून गुडघ्यापर्यंत ६० सेंमी हवेत आणि गळ्याचा घेर सैलसर ३६ सेंमी. अर्ध्या वर्तुळात गळ्याची त्रिज्या म्हणजे ३६ भागिले ३.१४, साधारण साडेअकरा सेंमी. त्यात ६० मिळवा, बाहेरची त्रिज्या साडेएकाहत्तर. साडीची रुंदी सव्वाशे सेंमीपेक्षा थोडी कमीच असते, पण ७२ सेंमीला ती भरपूर झाली. लांबी दुप्पट लागते, १४३ सेंमी, म्हणजे दीड मीटर धरा.

साडी जमिनीवर पसरा, काठ तुमच्याकडे. काठाच्याच कडेवर मध्यबिंदू घ्या, दोरीला खडू बांधा आणि साडेअकरा व साडेएकाहत्तर अशी दोन अर्धवर्तुळे काढा. सरळ कड काठावर आली म्हणजे अंगावर घातल्यावर पुढच्या दोन्ही उभ्या कडांना जरीचा काठ येतो आणि त्या दुमडाव्याही लागत नाहीत.

खालची गोल कड कापल्याबरोबर शिवू नका. तिचा काही भाग उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर येतो आणि स्वतःच्या वजनाने लांबतो. झगा रात्रभर टांगून ठेवा, सकाळी लोंबलेला भाग कापून सारखा करा, मग अर्धा इंच दुमडून तुरपाई घाला. घाई केली तर दोन दिवसांत कड लाटांसारखी वर-खाली दिसू लागते.

गळ्याला नाडी किंवा गाठ मात्र मुळीच नको. झगा झुडपात, फाटकात किंवा घसरगुंडीत अडकला तर गाठीचा गळफास होतो. एक इंच वेल्क्रो लावा, झटका बसला की सुटतो. लांबी गुडघ्यापर्यंतच ठेवा, मुलाला तो कितीही आखूड वाटला तरी.

साडी कोणती, हे आगीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दारोदारी भोपळ्यांत मेणबत्त्या पेटलेल्या असतात, पायऱ्यांवरच. सुती मलमल आणि व्हिस्कोसची साडी झटकन पेट घेते, तिचा घोळदार झगा करू नका. पॉलिस्टर आणि नायलॉन लवकर पेटत नाहीत, पण वितळून कातडीला चिकटतात, म्हणून आत अंगाला सुती सदरा हवा. रेशीम हळू जळते आणि ज्योत काढली की बहुधा विझते. दुकानात रेशीम म्हणून घेतलेली साडी खरे रेशीम असतेच असे नाही, तेव्हा चार धागे काढून चिमट्यात धरा आणि सिंकमध्ये जाळून बघा. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख आली तर सुती किंवा व्हिस्कोस. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख आली तर रेशीम. आक्रसून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. आमचा कल जुन्या पॉलिस्टरच्या साडीकडे आहे. तुमच्या अंगणातल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा, आणि शेजाऱ्यांनाही सुचवा.

प्रश्न: मांजराच्या मिशा काढायला काजळ आणि नाक लाल करायला कुंकू वापरले तर चालेल ना? चेहऱ्याचा रंग विकत घ्यायची गरज आहे का?
– एक वाचक, शिकागो

काजळ-कुंकू नको, आणि हे आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. विकतच्या काही काजळांत, सुरम्यांत आणि सिंदुरांत शिसे सापडले आहे. पारंपरिक शेंदूर तर मुळातच शिशाचा ऑक्साइड. अमेरिकेत सुरम्याच्या जातीचा रंग सौंदर्यप्रसाधनांत वापरायला परवानगी नाही, ती याच कारणाने. मुले तोंड पुसतात, तोच हात चॉकलेटला लावतात आणि शिसे पोटात जाते. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ गालावर टिकत नाही, वीस मिनिटांत सगळ्या तोंडाला पसरते.

मिशा आणि नाकाचा शेंडा यांसाठी आईची भुवयांची काळी पेन्सिल पुरते. मोठा भाग रंगवायचा असेल तर पाण्याने ओला करून लावायचा, वडीच्या रूपातला चेहऱ्याचा रंग घ्या. तेलकट काड्यांपेक्षा तो पातळ बसतो आणि वाळला की कपड्यांना लागत नाही. स्पंज नुसता दमट हवा. रंगाचे ओघळ येतात ते पाणी जास्त झाल्यामुळे. सावळ्या कातडीवर पांढरा रंग एका हातात राखाडी दिसतो. पातळ थर लावा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. जाड एकच थर लावला की हसल्याबरोबर त्याला भेगा जातात.

दोन-तीन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा. लाली किंवा खाज आली तर तो रंग टाकून द्या. डब्यावर डोळ्यांजवळ वापरू नये असे लिहिलेले असेल तर ते पाळा, चमकत्या निऑन रंगांवर हे बऱ्याचदा असते. हस्तकलेची चमकी चेहऱ्याला लावू नका, तिचे कण बुबुळाला ओरखडे काढतात. कॉर्नफ्लोअर, कोल्ड क्रीम आणि खाण्याचा रंग कालवून घरी रंग करता येतो हे खरे, पण खाण्याचा लाल आणि निळा रंग कातडीत मुरतो आणि दुसऱ्या दिवशी मूल तसेच शाळेत जाते.

मोठ्या मुलांनी रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मागितल्या तर ठाम नकार द्या. नुसत्या शोभेच्या असल्या तरी अमेरिकेत त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. मापात न बसणारी लेन्स डोळ्याला कायमची इजा करू शकते.

प्रश्न: मुलाला मावळा व्हायचे आहे. शाळेने कळवले आहे की मुखवटा नको, शस्त्र नको, खोटे रक्त नको. तलवारीशिवाय मावळा कसा दिसेल?
– एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

मावळ्याची ओळख पागोट्यात आहे, तलवार नसली तरी अडत नाही. झब्बा आणि सुरवार तुमच्या घरी असेलच. कमरेला ओढणी शेल्यासारखी घट्ट बांधा. पागोटे शाळेत सुटले तर पुन्हा बांधायला कुणी नसते, म्हणून ते टोपीवर कायमचे बांधून द्या. डोक्याला घट्ट बसणारी लोकरीची टोपी घ्या. जुन्या सुती साडीची दहा इंच रुंद आणि चार मीटर लांब पट्टी फाडा. कापण्यापेक्षा फाडलेली पट्टी धाग्यात सरळ येते. टोपी उशीवर किंवा फुगवलेल्या फुग्यावर चढवा, पट्टीला सैल पीळ देत गुंडाळा आणि प्रत्येक वेढ्यात चार ठिकाणी टाका घाला. टाके टोपीच्या एकाच थरातून जाऊ द्या आणि टोपी ताणलेली असतानाच घाला. सैल टोपीवर शिवलेले पागोटे डोक्यावर चढतच नाही.

हाताऐवजी पाठीवर ढाल द्या. गोल पुठ्ठा, १२ इंच व्यासाचा, काळा रंगवलेला, मध्ये बाटलीची चार बुचे. ढालीबद्दल शिक्षकांना आधी विचारून ठेवा. संध्याकाळी घराभोवती फिरताना तलवार हवीच असेल तर पोहायला वापरतात त्या फोमच्या नळीची करा, मुलाच्या हाताएवढीच लांब. आत काठी किंवा तार घालू नका, पडल्यावर ती वाकली पाहिजे.

प्रश्न: इथे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे चेटकिणीचे झगे करतात. खर्च काहीच नाही. करावा का?
– एक वाचक, लंडन

करू नये. पातळ प्लॅस्टिक पेटले की वितळून अंगावर गळते, आणि लहान मुलाच्या तोंडावर आले तर श्वास कोंडतो. मूल आत घामाने भिजते ते वेगळेच. तुमच्याकडे घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ३१ तारखेला पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि मुले पूर्ण अंधारात, मेणबत्त्यांच्या भोपळ्यांमधून फिरतात. चॅरिटी शॉपमधून मोठ्या बाईचा काळा पॉलिस्टरचा स्कर्ट आणा. त्याचे इलास्टिक मुलीच्या काखेखाली आणा, खांद्यावर फितीचे दोन पट्टे लावा आणि खालची कड पोटरीच्या मध्यावर दातेरी कापा. मागावर विणलेले कापड उसवेल, पण चेटकिणीच्या झग्याला ते शोभते. होजिअरीचे असेल तर उसवतही नाही.

प्रश्न: मुलगा तीन वर्षांचा. काहीही नवीन घातले की टोचते म्हणून रडतो आणि काढून टाकतो. शिवाय मेजवानीला मोटारीने जायचे आहे.
– एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

त्याचा नेहमीचा मऊ टी-शर्ट उलटा करून आत घाला, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. पोशाखाच्या मानेवरचे लेबल टाके उसवून काढा. कात्रीने कापलेले टोक जास्त टोचते. जाळीचे कापड आणि जर अंगाला लागू देऊ नका. पोशाख आठवडाभर आधी घरात खेळायला द्या, रोज थोडा वेळ, आणि नवीन कापड असेल तर दोनदा धुवून मगच. डोक्यावर काहीच सहन होत नसेल तर शेपटीचे प्राणी निवडा. शेपूट कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे अंगाला काही लागतच नाही. जुन्या काळ्या मोज्यात कापूस भरला की मांजर झाले.

मोटारीत फुगीर पोशाख कार सीटच्या पट्ट्यांखाली नको. धडकेत आतला कापूस दबतो आणि पट्टे सैल पडतात. पोशाख पिशवीत घ्या, उतरल्यावर घाला. बटणाएवढ्या चपट्या बॅटरीवर चालणारे दिवेही या वयाला नकोत. अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका भाजते. पेन्सिल सेलचे, झाकणाला स्क्रू असलेले दिवे घ्या. चमकत्या प्लॅस्टिकच्या कांड्यांच्या आत काचेची बारीक नळी असते आणि रसायन तोंडाला-डोळ्यांना झोंबते. जे मूल सगळे चावून बघते त्याच्या हातात ती देऊ नका.

प्रश्न: फक्त आजची रात्र आहे. घरात काळा टी-शर्ट आणि काळी पँट आहे. काय होईल?
– एक वाचक, ओहायो

सांगाडा होईल, तासाभरात. पांढरी डक्ट टेप आणा. मास्किंग टेप सुती कापडावर अर्धा तासही टिकत नाही. टेप कापण्याच्या पाटावर चिकटवा आणि तिथेच हाडे कापून घ्या. बरगड्यांसाठी अर्धा इंच रुंद पट्ट्या, प्रत्येक बाजूला पाच, वरच्या आखूड, मधल्या लांब, खालची पुन्हा आखूड. मांडी आणि पिंढरीला एकेक इंच रुंद हाड, दोन्ही टोकांना गोल गाठी. गुडघा आणि कोपर यांवर टेप आणू नका. तिथे कापड वाकते आणि टेपची टोके उचलतात, म्हणून हाड सांध्याच्या दीड इंच आधीच संपवा. चिकटवताना शर्टात मोठ्या पुस्तकाचा पुठ्ठा सरकवून कापड किंचित ताणून धरा. सैल कापडावर लावलेली टेप मुलाने शर्ट घातल्याबरोबर सुरकुतते. लावून झाल्यावर चमच्याच्या पाठीने प्रत्येक हाड जोर देऊन घासा. इस्त्री फिरवू नका, गोंद वितळून कापडावर डाग पडतो. पाठीचा कणा विसरू नका, दारातून मूल वळते तेव्हा तोच दिसतो. कणा परावर्तक टेपचा केला तर रस्त्यावरची काळजीही त्यातच भागते. दुसऱ्या दिवशी टेप लगेच काढा. दोन-तीन दिवस राहिली तर चिकटपणा कापडात बसतो आणि मग तो काढायला खोबरेल तेल चोळून, साबणाने दोनदा धुवावे लागते.